चौकट जुनी, चित्र खरे

जुनी छायाचित्रे दुरुस्त करून देण्याच्या व्यवसायात एक विलक्षण विसंगती दडलेली असते. ग्राहक जो फोटो घेऊन येतो त्यावर डाग असतात, चरे असतात, कोपरा दुमडलेला असतो आणि कागद पिवळा पडलेला असतो. हे सारे काढून टाकण्यासाठीच तो पैसे मोजतो. परंतु याच व्यवसायाचे संकेतस्थळ ‘जुन्या धाटणीचे’ करावयाचे ठरले, की त्याची आखणी करणारा तरुण पहिल्याच दिवशी पडद्यावर पिवळट कागदाची पार्श्वभूमी पसरतो, तीवर खोटे डाग टाकतो, खोटे चरे ओढतो आणि नमुन्याच्या छायाचित्रांचे कोपरेही मुद्दाम झिजवतो. दुकानात जे पुसावयाचे, तेच पाटीवर रंगवले जाते.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण तिच्या मुळाशी पतीचा प्रश्न आहे. संगणक, एक चांगला स्कॅनर आणि तयार हात एवढ्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या अशा सेवांकडे व्यापारी घरांतील नवी पिढी वळू शकते. दुकानाच्या मागच्या खोलीतही हे काम चालू शकते. मात्र या व्यवसायात येणारा माल बाजारातून पुन्हा भरता येत नाही. कापडाचा तागा खराब निघाला तर दुसरा देता येतो. आजोबांचे घरात उरलेले एकमेव छायाचित्र बिघडले, तर कोणत्याही रकमेने त्याची भरपाई होत नाही. म्हणून अशा सेवेची पाटी कशी असावी, याचा विचार केवळ शोभेचा राहत नाही.

जुनेपणाची बाजारपेठ

जुन्या रूपाला गिऱ्हाईक आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २००९ च्या अखेरीस ‘हिपस्टामॅटिक’ आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ‘इन्स्टाग्राम’ ही ॲप आली. मोबाइलवर नुकत्याच काढलेल्या फोटोला जुन्या फिल्मचा रंग आणि चौकट देणे, हे त्यांचे सुरुवातीचे मोठे आकर्षण होते. इन्स्टाग्रामचे सुरुवातीच्या वर्षांतील बोधचिन्हही जुन्या कॅमेऱ्याच्या वळणाचे होते. ते मे २०१६ मध्ये बदलले गेले. याच काळातील एक हिशेब व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. ज्या कोडॅक कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या खरी फिल्म विकली, तिने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. पुढे तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, फिल्मचा केवळ आभास देणारे इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला विकत घेतल्याची घोषणा फेसबुकने केली. तेव्हा त्या कंपनीत अवघी तेरा माणसे कामाला होती.

लोकांना फिल्म नको होती, तिची आठवण हवी होती, असा याचा एक अर्थ निघतो. परंतु दुसरी बाजूही आहे. नव्या फोटोला जुनेपण चढवणे हा खेळ आहे आणि तो खेळ आहे हे दोघांनाही ठाऊक असते. दुरुस्तीच्या सेवेत व्यवहार उलटा असतो. तेथे खरे जुनेपण येते आणि त्यातील दोष तेवढा काढून गुण जपावयाचा असतो. म्हणून करमणुकीच्या ॲपचे रूप जसेच्या तसे उचलून चालत नाही.

जुने रूप केव्हा शोभते याचे एक चांगले उदाहरण २०१९ मध्ये पाहावयास मिळाले. ‘कॅप्टन मार्व्हल’ या चित्रपटाचे कथानक १९९० च्या दशकात घडते. त्याच्या प्रसिद्धीसाठी जे संकेतस्थळ केले गेले ते त्याच दशकातील इंटरनेटच्या थाटाचे होते. भडक रंग, किती जणांनी भेट दिली ते दाखवणारा आकडा, अभिप्रायाची वही असा सारा सरंजाम तेथे होता. पाहणाऱ्यांना ते आवडले, कारण रूप आणि विषय एकाच काळातले होते. छायाचित्र दुरुस्तीच्या सेवेनेही आपल्या रूपाचा काळ आपल्या कामातूनच शोधला पाहिजे.

व्यवसायाचा स्वतःचा भूतकाळ

सुदैवाने या व्यवसायाला उसना भूतकाळ आणण्याची गरज नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील सुरुवातीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. तेव्हापासून छायाचित्रावर हात फिरवण्याची कला छायाचित्रणाच्या बरोबरीनेच चालत आली आहे.

जुन्या स्टुडिओत या कामासाठी उतरते मेज असे. त्यात दुधी काच बसवलेली आणि खाली आरसा ठेवलेला असे. आरशावरून येणारा उजेड निगेटिव्हमधून आरपार जाई. निगेटिव्हवर विशिष्ट वार्निशचा पातळ हात दिला, की शिसपेन्सिलीची खूण तिच्यावर धरे. मग टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरील खाचा भरल्या जात. निगेटिव्हवर भरलेले टिंब कागदावरील फोटोत उजळ उमटते, हे ध्यानी धरून उलट्या हिशेबाने काम करावे लागे. जास्तीची काळी छटा बारीक पात्याने खरवडून काढीत. कागदावर फोटो उमटल्यावर धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवीत. रंगीत फिल्म सर्वत्र पोहोचण्यापूर्वी शालूचा काठ, दागिने आणि ओठ पारदर्शक रंगांनी हाताने रंगवले जात. हे काम तासांचे होते आणि त्यात चुकीला फारशी जागा नव्हती.

ही परंपरा आजच्या संगणकातही जिवंत आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नॉल यांनी १९८७ मध्ये छायाचित्रे पडद्यावर दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुढे भाऊ जॉन यांच्या साथीने त्यांनी तो वाढवला आणि ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ या नावाने तो बाजारात आणला. त्यातील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही साधने नावासकट अंधारखोलीतून आली आहेत. एन्लार्जरच्या उजेडात तारेला लावलेली छोटी चकती धरून कागदाचा एखादा भाग उजळ ठेवीत आणि हाताच्या मुठीतून उजेड सोडून दुसरा भाग गडद करीत. पडद्यावरील त्या साधनांची चिन्हे आजही चकती आणि मूठ अशीच आहेत. ‘अनशार्प मास्क’ हे चमत्कारिक वाटणारे नावसुद्धा तसेच आले आहे. मूळ निगेटिव्हवर तिचीच किंचित अंधुक प्रत ठेवून छापले असता कडा अधिक ठसठशीत दिसतात, ही फिल्मच्या काळातील युक्ती होती.

संकेतस्थळाला जुने रूप देणाऱ्याने येथूनच साहित्य घ्यावे. उतरते मेज, तारेवरची चकती, शिसपेन्सिल, काळ्या पानांचा अल्बम, फोटो धरून ठेवणारे त्रिकोणी कागदी कोपरे, निगेटिव्ह ठेवण्याचे पारदर्शक पाकीट, पुठ्ठ्यावर उठावाने छापलेले स्टुडिओचे नाव, या वस्तू ग्राहकाच्या घरी आहेत किंवा एके काळी होत्या. त्या पाहताच हा माणूस आपल्या कामातला आहे अशी खूण पटते. परदेशी कॅमेऱ्याचे प्रसिद्ध इंद्रधनुषी पट्टे किंवा फिल्म कंपनीचा ओळखीचा पिवळा-लाल वेश उचलला, तर ती खूण दुसऱ्याच्या नावाची ठरते आणि बोधचिन्हाच्या मालकीचा वादही उद्भवू शकतो.

एकच काळ निवडावा

अनेक आखण्या येथेच फसतात. ‘जुने’ म्हणजे सारे एकच, असे समजून तपकिरी छटा, सत्तरच्या दशकातील नारिंगी रंग आणि नव्वदच्या दशकातील संगणकाच्या खिडक्या एकाच पानावर मांडल्या जातात. ग्राहकाची आठवण मात्र असा गोंधळ करीत नाही. कोणता फोटो कोणत्या पिढीचा, हे घरातील वडीलधारी माणसे रंग आणि कागद पाहूनच सांगतात.

तपकिरी अर्थात सेपिया छटेबद्दल तर एक मोठा गैरसमज आहे. ती छटा म्हणजे जुना झालेला फोटो नव्हे. फोटोतील चांदीचे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये केले, की तपकिरी रंग येतो आणि प्रतिमा अधिक टिकाऊ होते. म्हणजे कित्येकदा सेपिया ही खास करवून घेतलेली मजबुती असे. फोटो नीट न धुतल्यामुळे आलेला पिवळेपणा हा मात्र दोष होय. तसेच अल्बममध्ये बंद राहिलेले सत्तर-ऐंशीच्या दशकांतील पुष्कळ रंगीत फोटो आज लालसर दिसतात. त्यांच्यातील निळसर रंगद्रव्य आधी विटते, म्हणून ते तसे दिसतात. ज्या सेवेला सेपिया आणि पिवळेपणा यांतील फरक आपल्या पाटीवर राखता येत नाही, ती ग्राहकाच्या फोटोवर तो कसा राखणार, असे जाणकाराच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

सेवेकडे मुख्यतः कोणत्या काळातील फोटो येतात, ते पाहून काळ निवडावा. लग्नाचे आणि कुटुंबाचे कृष्णधवल फोटो अधिक येत असतील तर काळी पाने आणि कागदी कोपरे योग्य ठरतात. भारतात बनलेल्या ‘आग्फा क्लिक-थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्याचे चौकोनी फोटो अधिक असतील तर पांढऱ्या कडांची चौरस मांडणी शोभेल. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. पहिल्या पानावर बारा नमुने मांडले तर जाणत्याला तो संकेत कळेल आणि इतरांनाही बारा नमुने पुरेसे होतील.

रूप जुने, सोय आजची

जुन्या काळातील सगळ्याच गोष्टी परत आणण्याजोग्या नसतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या दशकातील २८.८ किलोबिटच्या मोडेमवर साठ किलोबाइटचा एक फोटो उतरण्यास, सर्व सुरळीत असता, सुमारे सतरा सेकंद लागत. आज तेवढा वेळ पानाकडे पाहत बसणारा ग्राहक मिळणार नाही. दुसरीकडे, चार बाय सहा इंचांचा फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन केला तर ८६ लाखांहून अधिक बिंदू होतात आणि न आवळलेली फाइल सुमारे २६ मेगाबाइटची होते. तेव्हा पानावर लहान प्रती दाखवाव्यात आणि ग्राहकाकडून येणारी मोठी फाइल मात्र काहीही न गाळता स्वीकारण्याची सोय असावी. दुरुस्तीस लागणारा सगळा तपशील त्या मोठ्या फाइलीतच असतो.

अक्षरांचेही तसेच आहे. मळकट कागदावर तपकिरी अक्षरे सुंदर दिसतात, पण वाचता येत नाहीत. वेबचे संकेत ठरवणाऱ्या ‘वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियम’च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातील फरक किमान ४.५ ला १ या प्रमाणात असावा. जुन्या फोटोंचे मालक बहुधा साठी ओलांडलेले असतात, म्हणून हे प्रमाण येथे अधिकच काटेकोरपणे पाळले पाहिजे.

मराठी मजकूर असेल तर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इंग्रजी जुन्या पाट्यांची नक्कल करताना अक्षरांत अंतर सोडण्याची रीत आहे. तीच देवनागरीला लावली, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तसेच जुन्या संगणकाच्या वळणाच्या कित्येक अक्षरसंचांत देवनागरी अक्षरेच नसतात; मग शीर्षक एका वळणाचे आणि जोडाक्षर दुसऱ्याच वळणाचे उमटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ यांसारखे देवनागरी अक्षरसंच विनामूल्य उपलब्ध आहेत. पाटीसाठी ठसठशीत अक्षर आणि मजकुरासाठी साधे अक्षर, एवढी वाटणी केली तरी पुष्कळ साधते.

नमुन्याची पारख

संकेतस्थळाचा जीव त्याच्या नमुन्यांत असतो. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी पाहून ग्राहक निर्णय घेतो. म्हणून सजावटीचा एकही डाग, एकही चरा नमुन्यावर पडता कामा नये. पडद्यावर दिसणारा डाग मूळ फोटोतला की आखणीतला, अशी शंका ग्राहकाला आली की तुलनेचा अर्थच संपतो. काळ्या पानाचा अल्बम दाखवावा, कागदी कोपरे दाखवावेत. पण त्या कोपऱ्यांच्या आतील चित्र जसे आले तसे आणि जसे दिले तसेच असावे. आधीचा फोटो मुद्दाम अधिक गडद करून नंतरचा उजळ दाखवणे ही वजनात मारलेली काटछाटच होय.

याहून गंभीर प्रश्न चेहऱ्याचा आहे. दुरुस्तीचे तीन प्रकार वेगवेगळे मानले पाहिजेत. धूळ, डाग आणि विटलेला रंग काढणे ही सफाई होय. फाटलेली भिंत, पदर किंवा खुर्चीचा हात शेजारच्या भागावरून पुरा करणे ही डागडुजी होय. फोटोत उरलेलाच नाही असा डोळा किंवा ओठ नव्याने आणणे ही मात्र कल्पना होय. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने हे तिसरे काम काही सेकंदांत करतात आणि निकाल इतका लखलखीत असतो की ग्राहक हरखून जातो. परंतु ती साधने हरवलेला चेहरा शोधून काढीत नाहीत. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शक्य वाटणारा एक चेहरा ती रचतात. तो फोटो भिंतीवर लागतो आणि ज्यांनी पणजीला पाहिलेले नाही अशी नातवंडे त्या चेहऱ्यालाच पणजी समजू लागतात. पुढे तिला ओळखणारे कोणी उरले नाही, की चूक सांगणाराही उरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. सफाई, डागडुजी आणि कल्पना यांचे दर वेगळे लिहावेत, नमुन्यांखाली प्रकार स्पष्ट नोंदवावा आणि कल्पनेचे काम ग्राहकाची लेखी संमती आल्याशिवाय करू नये. घरात त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो असेल तर तो आधी मागवावा. जो दुकानदार ‘एवढा भाग आम्हांला दिसत नाही’ असे सांगतो, त्याच्यावर ग्राहकाचा विश्वास वाढतो, हा सर्वच व्यापारांतील अनुभव आहे.

पावती आणि जबाबदारी

जुन्या रूपाचा सर्वांत उपयुक्त भाग कदाचित पावती हाच ठरेल. पूर्वी स्टुडिओत फोटो दिला की छापील पावती मिळे. तीवर क्रमांक, तारीख, आकार, किंमत आणि आगाऊ रक्कम लिहिलेली असे. संकेतस्थळावरील मागणीचा अर्ज त्याच पावतीच्या रूपात मांडता येतो. त्यात फोटो किती आले, कोणत्या अवस्थेत आले, कोणते काम ठरले, परत केव्हा मिळणार, हे सारे आले पाहिजे. रूप जुने, पण त्यातील प्रत्येक रकाना आजच्या कायद्यालाही हवा असतो.

ग्राहक मूळ फोटो टपालाने पाठवतो तेव्हा कायद्याच्या भाषेत तो निक्षेप होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य समजूतदार माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेणे स्वीकारणाऱ्यावर बंधनकारक असते. फोटो केवळ फाइलीच्या रूपात आला तरी जबाबदारी टळत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे सूत्र असे, की माहिती ज्या कामासाठी संमतीने घेतली त्याच कामासाठी वापरावी. म्हणून काम झाल्यावर फाइल किती दिवस ठेवणार आणि केव्हा पुसणार, ते पावतीवरच लिहावे.

नमुन्यांबाबतही सावधगिरी हवी. पूर्वी स्टुडिओच्या दर्शनी काचेमागे ग्राहकांचे फोटो मांडलेले असत आणि त्याचे कोणाला फारसे वावगे वाटत नसे. काच गावापुरती होती. संकेतस्थळ जगाला दिसते. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी आपल्या सांगण्यावरून फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्कधारक तो काढवून घेणारा असतो. तेव्हा एखाद्या कुटुंबाचा फोटो नमुना म्हणून लावण्यापूर्वी त्या कुटुंबाची लेखी परवानगी घेणे हाच योग्य मार्ग होय. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ठळकपणे द्यावी लागते आणि तक्रारीची पोच ४८ तासांच्या आत द्यावी लागते. ही माहिती झिजवलेल्या अक्षरांत पानाच्या तळाशी लपवणे उचित नाही. जुन्या पेढीवर मालकाचे नाव पाटीवरच असे.

संकेतस्थळ तयार झाल्यावर त्याची परीक्षा घरीच घेता येते. घरातील वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या हाती मोबाइल द्यावा आणि चष्म्यासह तीन गोष्टी शोधावयास सांगाव्यात: दर किती, मूळ फोटो सुखरूप परत येण्याची हमी कोणती आणि चुकले तर बोलावयाचे कोणाशी. ही उत्तरे मदतीवाचून सापडली तर आखणी यशस्वी झाली असे समजावे. ती सापडली नाहीत, तर काळी पाने आणि कागदी कोपरे कितीही देखणे असोत, ते आधी बाजूला करावेत, उत्तरांना जागा करावी आणि मग उरलेल्या जागेत जुन्या काळाला बोलवावे.